भ्रमणध्वनीचे जोडभिंग आणि प्रवराकाठचा पुरावा

संशोधनाच्या साधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या निर्मात्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे साधन अभ्यासकाच्या हाती आल्यावर पुराव्याचे स्वरूप कसे पालटले, याचा विचार त्यामानाने क्वचितच होतो. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवावयाचे लहानसे भिंग हे अशा विचाराला पात्र असलेले एक साधन होय. त्यास या निबंधात ‘जोडभिंग’ ही संज्ञा वापरली आहे. काही शे रुपयांत मिळणारे आणि खिशात सहज मावणारे हे भिंग मणी, नाणे, गारगोटीचे पाते किंवा खापरावरील रेघ इतकी जवळून टिपते की, पूर्वी त्यासाठी प्रयोगशाळेतील कॅमेरा लागत असे. त्यामुळे शेताच्या बांधावर उभा असलेला पदव्युत्तर विद्यार्थीसुद्धा सूक्ष्म वस्तूचे चित्र घेऊ शकतो. असे चित्र पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. २०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या अहमदनगर जिल्ह्यातील पुरावस्तूंच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे सोयीचे आहे. कारण भिंगाने काय साधते आणि काय साधत नाही, या दोहोंची उदाहरणे प्रवरेच्या एकाच खोऱ्यात आढळतात.

मूळ भिंगाला दुसरे भिंग जोडण्याची कल्पना भ्रमणध्वनीपेक्षा फार जुनी आहे. चष्मा हे एका अर्थी डोळ्याचे जोडभिंगच होय, आणि तो तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत प्रचारात आला. सतराव्या शतकात हॉलंडमधील लेव्हेनहूक याने मण्याएवढे एकच भिंग धातूच्या पट्टीत बसवून पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले. त्याच्या उपलब्ध उपकरणांपैकी सर्वांत प्रभावी उपकरण वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते. भिंगाची शक्ती मोजण्यासाठी मोनोये या फ्रेंच नेत्रवैद्याने १८७२ साली ‘डायॉप्टर’ हे एकक सुचविले. चष्म्याच्या दुकानात आजही वापरले जाणारे हे एकक पुढे कॅमेऱ्याच्या जोडभिंगांनाही लागू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी कोडक कंपनीने आपल्या पेटी-कॅमेऱ्यांसाठी पुढे अडकवावयाचे एक साधे बहिर्गोल भिंग विकावयास काढले. त्या कॅमेऱ्यांचे भिंग एकाच ठिकाणी पक्के बसविलेले असल्याने जवळचा चेहरा धूसर येई. जोडभिंगाने ही उणीव भरून निघाली. भ्रमणध्वनीच्या जोडभिंगाचे मूळ या स्वस्त युक्तीत आहे.

कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी प्रथम जपानात आला. क्योसेरा कंपनीचा दूरध्वनी १९९९ साली आणि शार्प कंपनीचा २००० साली बाजारात आला. शार्पच्या कॅमेऱ्याचे चित्र जेमतेम एक लाख दहा हजार चित्रकणांचे होते. भारतात भ्रमणध्वनीची सेवा १९९५ साली सुरू झाली असली, तरी कॅमेऱ्याचा भ्रमणध्वनी सर्वसामान्यांच्या हाती येण्यास पुढे बराच काळ लागला. २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डॅनियल फ्लेचर यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाची भिंगे भ्रमणध्वनीला जोडून हिवतापाचे परजीवी आणि क्षयाचे जंतू यांची चित्रे प्रसिद्ध केली. आयफोनला अडकवावयाचा ‘ओलोक्लिप’ हा भिंगांचा संच २०११ साली विक्रीस आला. त्यानंतर त्याची असंख्य स्वस्त अनुकरणे निघाली. २०१४ साली फ्लेचर यांच्याच गटाने एक सुटसुटीत उपाय दाखविला. एका भ्रमणध्वनीचे भिंग उलटे करून दुसऱ्याच्या भिंगासमोर बसविले की, कमी खर्चात बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक तयार होतो. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी घडीच्या कागदाच्या ‘फोल्डस्कोप’चे वर्णन प्रसिद्ध केले. काचेचा बारीक मणी हे त्याचे भिंग असून ते लोहचुंबकाच्या साह्याने भ्रमणध्वनीला जोडता येते. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ साली प्रकाश यांच्या प्रयोगशाळेशी सहकार्याचा करार केल्यावर हे साधन या देशातील शाळा-महाविद्यालयांतही पोहोचले.

जोडभिंगाच्या कार्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. हे भिंग वस्तू ‘मोठी करते’ असे मानले जाते. वस्तुतः ते कॅमेऱ्याला वस्तूच्या अधिक जवळ जाऊ देते. भ्रमणध्वनीच्या मुख्य कॅमेऱ्याचे केंद्रांतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर उमटते ते अंतर, साधारणतः ४ ते ७ मिलिमीटर असते. असा कॅमेरा सुमारे १० सेंटिमीटरच्या आत स्पष्ट पाहू शकत नाही. केंद्रांतर ५ मिलिमीटर धरल्यास त्या अंतरावरून घेतलेली प्रतिमा संवेदकावर वस्तूच्या सुमारे एक-विसांश आकाराची पडते. पुढे २५ मिलिमीटर केंद्रांतराचे जोडभिंग बसविले की, वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणता येते आणि प्रतिमा एक-पंचमांश होते. म्हणजे प्रत्यक्ष लाभ चौपटीचा असतो. तरीही याच भिंगाच्या डबीवर ‘दहापट’ असे छापलेले असते. हा आकडा खोटा नाही. तो हातभिंगाच्या जुन्या संकेतावर आधारलेला आहे. वस्तू डोळ्यापासून २५ सेंटिमीटरवर धरली असता जशी दिसेल, तिच्याशी केलेली ती तुलना आहे. छायाचित्राशी त्याचा थेट संबंध नाही. त्यामुळे ‘दहापट वर्धन’ एवढीच नोंद चित्राखाली केली, तर वाचकाला वस्तूच्या आकाराविषयी काहीही कळत नाही.

दुसरी मर्यादा चित्राच्या कडांची आहे. एकेरी स्वस्त भिंगात निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकवटत नाहीत. त्यामुळे कडेला तांबडी-निळी झालर उमटते, सरळ रेषा वाकतात आणि मध्यभाग स्पष्ट असताना परिघ धूसर राहतो. भिंग जितके जवळ, तितकी स्पष्टतेची खोलीही कमी होते. फुगीर मण्याचा माथा स्पष्ट दिसला, तर त्याची कड दिसत नाही. शिवाय भ्रमणध्वनी वस्तूच्या इतका जवळ येतो की, त्याची स्वतःची सावली वस्तूवर पडते. यांपैकी प्रत्येक दोष ज्ञात आहे आणि तो बव्हंशी टाळताही येतो. परंतु चित्र पाहणाऱ्याला तो दोष आहे हे ठाऊक असले पाहिजे.

या मर्यादा केवळ तांत्रिक नाहीत, हे नेवाशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेच्या काठी नेवासे येथे उत्खनन केले. त्यापूर्वी १९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथील उत्खननाने ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा एक टप्पा उजेडात आला होता, आणि त्या गावाच्या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरांत बालकांची दफने आढळली. त्यांतील तांब्याच्या मण्यांच्या एका माळेत धाग्याचे अवशेष शिल्लक होते. वस्त्र व धागा या हवामानात सहसा टिकत नाहीत. पण तांब्याच्या क्षारांनी जंतूंची वाढ रोखल्यामुळे तेवढा अंश वाचला. तो मुंबईच्या टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरीतील अ. ना. गुलाटी यांनी तपासला. मोहेंजोदडोच्या सुती कापडाचे परीक्षण टर्नर यांच्यासमवेत १९२८ साली प्रसिद्ध करणारे तज्ज्ञ ते हेच. नेवाशाच्या धाग्यात त्यांना रेशीम व कापूस ओळखता आला, आणि त्यांचे निवेदन १९६१ साली प्रसिद्ध झाले. भारतीय उपखंडातील रेशमाचा सर्वांत जुना पुरावा म्हणून हा धागा पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिला. २००९ साली हडप्पा व चन्हुदडो येथील अलंकारांत त्याहून प्राचीन रेशमाचे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ओळखण्यात आले. तेथेही तंतू टिकले होते ते तांब्याच्या सान्निध्यातच.

हाच धागा आज एखाद्या विद्यार्थ्यास सापडला आणि त्याने वर वर्णिलेल्या जोडभिंगाने त्याचे चित्र घेतले, तर त्यात काय दिसेल, याचा हिशेब करता येतो. संवेदकावरील एक चित्रकण सुमारे १.४ मायक्रोमीटरचा धरला आणि प्रतिमा एक-पंचमांश असली, तर प्रत्येक चित्रकण वस्तूवरील सुमारे ७ मायक्रोमीटर जागा व्यापतो. रेशमाचा एकेरी तंतू साधारण १० ते १५ मायक्रोमीटर आणि कापसाचा १२ ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. म्हणजे चित्रात तंतूच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन ठिपके येतील. धागा आहे हे कळेल. त्याला पीळ आहे की नाही, हेही कदाचित कळेल. परंतु तो रेशमाचा की कापसाचा, हे ठरविणे अशक्य होईल. रेशमाच्या तंतूचा त्रिकोणी छेद किंवा कापसाच्या तंतूचा चपटा व मुरडलेला आकार पाहण्यासाठी किमान फोल्डस्कोपच्या दर्जाचे भिंग हवे. ते १४० पट वर्धन करून सुमारे २ मायक्रोमीटरपर्यंतचे बारकावे वेगळे दाखविते. यावरून जोडभिंग निरुपयोगी ठरत नाही. धागा शिल्लक आहे हे जागच्या जागी ओळखणे आणि मणी धुऊन टाकण्यापूर्वी प्रयोगशाळेकडे पाठविणे, हे कार्य ते उत्तम रीतीने करू शकते. तांब्याचा हिरवट मणी घाईने घासून स्वच्छ केला, तर पुरावा कायमचा नष्ट होतो.

जोडभिंगाच्या चित्राची तुलना जुन्या अभ्यासकांच्या ठशाशी केली असता आणखी एक महत्त्वाचा भेद ध्यानात येतो. शिलालेख किंवा ताम्रपट यांवर ओला कागद दाबून, वर शाई फिरवून घेतलेला ठसा मूळ लेखाच्या आकाराचाच असतो. त्यात प्रकाशाची जादू नसते आणि रंगाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु अक्षराची उंची व ओळींतील अंतर ही मापे ठशावरून थेट घेता येतात. ठसा प्रमाण गमावू शकत नाही. छायाचित्र मात्र ते सहज गमावते आणि जोडभिंगाचे छायाचित्र सर्वांत आधी गमावते. सामान्य छायाचित्रात निदान वस्तूभोवतीची माणसे, भिंत किंवा झाड यांवरून आकाराचा अंदाज बांधता येतो. अडीच सेंटिमीटरवरून घेतलेल्या चित्रात वस्तूशिवाय काहीच नसते. दोन मिलिमीटरचा मणी आणि दोन सेंटिमीटरचा मणी अशा चित्रांत सारखेच दिसतात.

निजामशाही नाण्यांच्या बाबतीत हा दोष विशेष बाधक ठरतो. मलिक अहमद याने १४९० साली स्थापन केलेल्या आणि १६३६ साली संपुष्टात आलेल्या या राज्याची उपलब्ध नाणी बहुतांशी तांब्याची आहेत. साचा मोठा आणि धातूची चकती लहान, यामुळे एकेका नाण्यावर लेखाचा काही भागच उमटलेला असतो. टांकसाळीचे नाव किंवा हिजरी सनाचा एखादा आकडा नाण्याच्या अगदी कडेला येतो, आणि जोडभिंगाचे चित्र बिघडते तेही नेमके कडेलाच. झिजलेला अंक वाचताना अभ्यासकाला दिसणारी वक्र रेषा साच्याची आहे की भिंगाच्या दोषाची, असा संशय राहणे योग्य नव्हे. यावर सोपा उपाय आहे. नाण्याचे एकच चित्र न घेता ते सरकवून प्रत्येक भाग क्रमाने चौकटीच्या मध्यभागी आणावा, आणि प्रकाश एका बाजूने तिरका पाडून तीच चित्रे दुसऱ्या बाजूच्या प्रकाशात पुन्हा घ्यावी. उठावाची अक्षरे तिरक्या प्रकाशात स्पष्ट होतात आणि खरी रेषा दोन्ही प्रकाशांत आपल्या जागी राहते. चित्रांच्या जोडीला नाण्याचे वजन व व्यास यांची नोंद असणे आवश्यक आहे. कारण नाणकशास्त्रात वजन हा लेखाइतकाच महत्त्वाचा पुरावा असून कोणत्याही भिंगातून वजन दिसत नाही.

भिंगाच्या आवाक्याबाहेर राहणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वस्तूचा स्तरसंदर्भ. याचे सर्वांत ठळक उदाहरण याच जिल्ह्यात दायमाबाद येथे घडले. प्रवराकाठचे हे स्थळ भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ साली उजेडात आणले. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि सां. आ. साळी यांच्या देखरेखीखाली तेथे तीन वेळा उत्खनने झाली. त्यांतील शेवटचे १९७९ पर्यंत चालले. परंतु दायमाबादची कीर्ती ज्यांमुळे झाली, ती चार कांस्यशिल्पे या उत्खननांत मिळालेली नाहीत. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाच्या मुळाशी खणताना ती सापडली. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ही शिल्पे असून त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. शिल्पे डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी आहेत, त्यांचे रासायनिक पृथक्करण झाले आहे आणि असंख्य छायाचित्रे प्रसिद्ध झाली आहेत. तरीही त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. साळी व धवलीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. धातूतील आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळल्याने द. प्र. अग्रवाल यांनी त्याबद्दल शंका उपस्थित केली. ती ज्या मातीत होती त्या मातीचा थर, तिच्यातील खापरे आणि कोळसा यांची नोंद सापडण्याच्या क्षणी झाली असती, तर हा वाद बव्हंशी टळला असता. नेवाशाचा दृष्टीलाही न दिसणारा तंतू कालदृष्ट्या निश्चित आहे, कारण तो कोणत्या थरातील दफनात होता हे ठाऊक आहे. दायमाबादचा हातभर रथ अनिश्चित आहे, कारण ते ठाऊक नाही.

प्रवरेच्या खोऱ्यातील आजच्या परिस्थितीत या तुलनेला व्यावहारिक महत्त्व आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाल्यानंतर कालव्यांच्या पाण्याने हा प्रदेश बागायती झाला आणि जमिनी सपाट करण्याचे प्रमाण वाढले. जुन्या वसाहतींच्या टेकाडांना खेडोपाडी ‘पांढर’ म्हणतात, आणि पांढरीची माती शेतात किंवा घरावर टाकण्यासाठी नेण्याची चाल जुनी आहे. माती हलली की तिच्यातील मणी, पाती व खापरे वर येतात आणि थोड्याच दिवसांत विखुरतात. अशा ठिकाणी फिरणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र ही त्या वस्तूची एकमेव नोंद ठरण्याचा संभव असतो. तेव्हा ते चित्र केवळ सुबक असून भागणार नाही. वस्तू उचलण्यापूर्वी ती पडली आहे तशीच, भोवतालच्या जमिनीसह, जोडभिंग न लावता टिपावी. त्यानंतर भिंग लावून जवळून टिपावी. आणि दोन्ही चित्रांत मिलिमीटरच्या खुणांची पट्टी वस्तूच्या पातळीत ठेवावी. पट्टी वस्तूच्या खाली किंवा वर राहिली, तर इतक्या कमी अंतरावर मापात लक्षणीय फरक पडतो. वस्तू मौल्यवान वाटल्यास ती उचलून नेऊ नये. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्यान्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे.

जोडभिंगाच्या इतिहासाला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. २०१९ च्या सुमारास अनेक भ्रमणध्वनींत निकटचित्रणासाठी स्वतंत्र कॅमेरा येऊ लागला. २०२१ साली आलेल्या आयफोनच्या एका प्रकारात २ सेंटिमीटरवरून चित्र घेण्याची सोय झाली. त्यामुळे चिमट्याच्या भिंगाची गरज काही अंशी कमी झाली. परंतु अंतर्गत भिंगाबरोबर एक अदृश्य हस्तक्षेपही आला. एकापेक्षा अधिक कॅमेरे असलेला भ्रमणध्वनी वस्तू जवळ येताच वापरणाऱ्यास न कळत एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जातो, आणि जोडभिंग ज्याच्यावर बसविले आहे तो कॅमेरा बाजूला पडतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे चित्रावर होणारी संगणकीय प्रक्रिया होय. २०२३ साली सॅमसंगच्या भ्रमणध्वनींनी घेतलेल्या चंद्राच्या चित्रांविषयी मोठी चर्चा झाली. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचे छायाचित्र घेतले असता त्यात मुळात नसलेले बारकावे उमटल्याचे एका प्रयोगात दिसून आले. कंपनीने चंद्र ओळखून तपशील वाढविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची योजना आपल्या कॅमेऱ्यात असल्याचे स्पष्ट केले. चंद्राच्या बाबतीत ही गंमत ठरेल. खापरावरील पुसट रेघेच्या किंवा मोडी कागदावरील झिजलेल्या अक्षराच्या बाबतीत तीच गोष्ट पुराव्याचा भ्रंश ठरेल. या दृष्टीने साधे काचेचे जोडभिंग अधिक विश्वासार्ह आहे. त्याचे दोष ठरावीक असून चौकटीच्या कागदाचे एक चित्र त्याच भिंगाने घेतले की ते मोजता येतात. संगणकीय प्रक्रियेने घातलेली भर अशा रीतीने मोजता येत नाही. म्हणून शक्य असेल तेथे प्रक्रिया न झालेली मूळ प्रतिमा जतन करावी, आणि तिच्यासोबत भ्रमणध्वनीचा प्रकार, भिंगाचे केंद्रांतर, दिनांक व स्थळ यांची नोंद ठेवावी.

वरील विवेचनावरून जोडभिंगाच्या चित्राचे पुरावा म्हणून मूल्य निश्चित करता येते. वस्तूची ओळख पटविणे, पुढील तपासणीस योग्य वस्तू निवडणे आणि नष्ट होऊ घातलेल्या वस्तूची नोंद राखणे, या कामी ते उपयुक्त आहे. तंतूचा प्रकार, धातूचे घटक किंवा वस्तूचा काळ यांविषयीचा निष्कर्ष केवळ त्यावर आधारू नये. नेवाशाच्या उत्खननात उत्खननकर्त्याने थर नोंदविला, तज्ज्ञाने तंतू तपासला आणि दोघांचे निवेदन छापले गेले. त्या एका माळेचा इतिहास या तिन्ही कृतींतून सिद्ध झाला. आज चित्र घेण्याचे साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील पांढरींची अशी प्रमाणबद्ध चित्रे एका ठराविक नोंदपत्रकासह जमविण्यास आरंभ केला, तर प्रवरेच्या खोऱ्यातील पृष्ठावशेषांचा उपयुक्त संग्रह उभा राहील. जी टेकाडे पुढील काही वर्षांत सपाट होतील, त्यांच्याविषयी नंतरच्या अभ्यासकांस त्या संग्रहावरच अवलंबून राहावे लागेल.